धुतलेला डबा

फवारणीनं कुणी दगावलं की सखूअक्का त्या घरी भेटायला जायच्या आणि बसल्याबसल्या विचारायच्या, "डबा कोठे शे?" रडत्या घरात हा प्रश्न! लोक भडकायचे. "आली डबेवाली! अजून राख गार झाली नाही." अक्का उठायच्या नाहीत. विषाचा रिकामा डबा हाती आला की लेबलाला हात न लावता फडक्यात गुंडाळायच्या, मगच पाणी मागायच्या.

अक्का पहूरच्या. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोली शेवटपर्यंत अहिराणी. त्यांचे यजमान नाना कपाशी फवारून घरी आले, उलट्या करू लागले आणि तिसऱ्या दिवशी जळगावच्या दवाखान्यात वारले. ते विष बनवणारी कंपनी परदेशातली. तिच्या स्वतःच्या देशात ते विकायला बंदी आहे. आमच्याकडे दुकानात फळीवर ओळीनं मांडलेलं असतं. हे मी पत्रकांतून शंभरदा लिहिलंय, अजून लिहीन. अक्कांना मात्र पत्रक लागलं नाही. "मानूस मारस त्याले औषध म्हनतस, आनि डबा मागनारीले डबेवाली," एवढंच त्या म्हणायच्या.

पिंप्राळ्यातल्या एका खोलीत आमची संघटना चालते. कंपनीला तिच्याच देशातल्या कोर्टात खेचायचं आम्ही ठरवलं, तेव्हा तिथल्या वकिलीणबाईंनी एकच गोष्ट मागितली: डबा, लेबलासकट, बॅच नंबर वाचता येईल असा. मी अक्कांकडे गेलो. त्या आत गेल्या आणि पांढराशुभ्र डबा घेऊन आल्या. आत उडदाची डाळ.

"सुतक फिटनं, बठ्ठं घर धोयं, भाऊ. डबाबी राख लाईसन घासा. मजबूत शे."

"अक्का, तुम्ही पुरावाच धुऊन टाकला!" मी ओरडलो.

पंचवीस वर्षांचा होतो, दोन शिबिरांत कायदा शिकून आलो होतो. दहावं झालं की सगळं घर घासायचं, ही इथली रीत. माझ्या आईनंही तेच केलं असतं. अक्कांनी डाळ सुपात ओतली, डबा फिरवून फिरवून पाहिला. एक अक्षर उरलं नव्हतं.

त्यानंतरच त्यांचं ते भेटायला जाणं सुरू झालं. "दहावाना आगोदर जानं पडस," म्हणायच्या. "नही ते बाया धोई टाकतस." शिव्या खात त्यांनी तीन डबे मिळवले, तिन्ही लेबलासकट. त्या तीन घरांतल्या मयतांच्या नावांवर परदेशातल्या कोर्टानं दावा दाखल करून घेतला. मी धावत सांगायला गेलो.

"नानासनं नाव?" त्यांनी विचारलं.

"नाही, अक्का."

बराच वेळ त्या उंबऱ्यावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या तिन्हीसना नावं वाच." मी वाचली. दुसऱ्या नावाला त्या हसल्या. "त्यानी बायकोनी माले लई शिव्या दिध्यात. वाच, आखो वाच."

दावा अजून चालूच आहे. मजुरांनी सूचना वाचल्या नाहीत, असं कंपनीनं लिहून दिलंय. सूचनांची अक्षरं मुंगीएवढी, हे लिहायचं त्यांनी सोडलं.

अक्का गेल्या पौषात झोपेतच गेल्या. दहाव्यानंतर मी पहूरला गेलो, तर अंगणात घरभरची भांडी पसरलेली. त्यांची सून रेखा एकेक घासत होती. तो पांढरा डबा तिच्या हातात होता. मला पाहून ती दचकली, डबा पदराआड धरून म्हणाली, "धुऊ का, भाऊ?"

मी शेजारी बसलो, डबा घेतला आणि राखेत हात घातला.