वांग्यांवरचे चार परिच्छेद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या रक्तातल्या साखरेचे आकडेसुद्धा पाठ आहेत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असलात तर व्यासपीठावरचा मी ओळखत असाल, आणि तो माणूस मला स्वतःलाही फारसा आवडत नाही.

मी अमरावतीचा. कॉलेजात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे — कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं असा. त्यात मी टोपणनावाने बरीच वर्षं लिहितो, आणि नव्या लोकांना लिहायला शिकवतो. शिकवतो म्हणजे काय? मुख्यतः एकच : नक्कल करू नका. माहिती कुणाच्या मालकीची नसते, वाक्य मात्र कुणाचं तरी असतं. पुस्तकावर ‘हक्क राखीव’ छापलेलं नसलं तरी हक्क असतोच. या उपदेशाबद्दल मला एकदा शाल, नारळ आणि ‘ज्ञानदूत’ असं कोरलेलं काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. नारळ तेवढा उपयोगी पडला.

सुरुवातीच्या दिवसांत, मला शिकवणारं कुणी नव्हतं तेव्हा — नाही, ही सबब झाली. नियम तेव्हाही लिहिलेला होता, आणि मी तो वाचला होता.

त्या दिवसांत वाचनालयाला भेट आलेल्या गठ्ठ्यात एक पातळशी पुस्तिका सापडली. चांदूर बाजारकडच्या एका भाजी पिकवणाऱ्या माणसाने पदरमोड करून छापलेली, गावरान वांग्यांवर. छपाईचं साल नाही, हक्काची ओळ नाही. पण भाषा! ‘बियाण्यासाठी राखलेल्या वांग्याला माझी आई लाल चिंधी बांधायची, मग घरात भाजी नसली तरी ते कुणी तोडत नसे.’ असं वाक्य मला जन्मात जमलं नसतं. मी चार परिच्छेद जसेच्या तसे ज्ञानकोशात चढवले. बदल एकच केला — ‘माझी आई’ खोडून ‘या भागातील स्त्रिया’ केलं. ज्ञानकोशात कुणाची आई चालत नाही. पुस्तिकेचं नाव कुठेही दिलं नाही. लेखाचं कौतुक झालं. ते मी ठेवून घेतलं.

मग काही वर्षांनी अकोल्यात कार्यशाळा होती. दीपप्रज्वलनाला तासभर, कामाला त्याहून कमी. मागच्या बाकावर सत्तरीचे एक आबा, सोबत नात. आबा सांगत होते, नात टाइप करत होती. मी तिचं पान मोठ्या पडद्यावर घेऊन तपासलं, आणि नकलेच्या तपासणीत शेजारी ज्ञानकोशातला माझा तो जुना लेख उघडला गेला. तेच परिच्छेद.

“काय आबा, या वयात कॉपी?” एक तरुण प्राध्यापक म्हणाला. सगळे हसले.

“परीक्षेलेच कवा बसलो नाई बाप्पा, कापी कुठून करू?” आबा म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले. मग त्यांनी पिशवीतून ती पुस्तिका काढून माझ्या हातात दिली. “सर, हे माह्याच पुस्तकातलं हाय. पाहा.”

मी ती उलटसुलट करून पाहिली — प्रथमच पाहतोय अशी. आणि म्हणालो, “यावर साल नाही. नेटवरचा लेख बराच जुना आहे.”

दोन्ही वाक्यं खरी होती. तुमच्या लक्षात येतंय ना?

मग मी सगळ्यांसमोर आबांचा मजकूर काढून टाकला. कारणाच्या रकान्यात लिहिलं : प्रताधिकारभंग. मूळ लेखक स्वतः परवानगीचं पत्र पाठवू शकतो, हा नियम मी दर कार्यशाळेत सांगतो. त्या दिवशी सांगितला नाही.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पडद्यावरचा जुना लेख ओळीनं वाचून काढला, ‘या भागातील स्त्रिया’पर्यंत. “मंग मीच कोनाचं वाचलं असन सर, अन् ध्यानात नसन रायलं. वाईट नोका मानू.” माझी माफी मागितली त्यांनी — माझी! आणि जाता जाता नातीला म्हणाले, “पाह्य बाई, आपल्याच घरी नाई, लोकाइच्या माया बी चिंधी बांधत.” चेहरा अगदी उजळला होता. आईला सोबत मिळाल्यासारखा.

गेल्या महिन्यात त्या नातीचा फोन आला. कार्यशाळेतल्या कागदावर माझा नंबर होता. आबांनी मिरची आणि वालावर दुसरी वही लिहायला घेतली होती, ती अर्ध्यावर सोडली. म्हणतात, आपलं कोणतं अन् लोकाचं कोणतं, आता समजत नाही. “सर, तुमी एक डाव सांगा न त्याइले. तुमचं आयकतीन ते.”

मी म्हणालो, “बघतो.”

अजून बघतोच आहे. त्या जुन्या लेखाच्या इतिहासात, म्हणजे कुणी कधी काय लिहिलं त्या नोंदीत, पहिलं नाव माझ्या टोपणनावाचं आहे. कुणीही उघडून पाहावं. नक्कल आबांनी केली नव्हती, मी केली होती. हे वाक्य ऐकायचा पहिला हक्क त्यांचा होता. तुम्हाला सांगणं सोपं होतं, म्हणून आधी तुम्हाला सांगितलं.