खजुराचं पन्हं आणि मुका टीव्ही

शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाचा लॅपटॉप मुका झाला की मला हाक येते. ऑफिसातही माझं तेच काम. दिवसभर लोकांना म्यूट काढायला सांगायचं आणि तरी गोड बोलायचं.

समोरच्या फ्लॅटमध्ये सांगलीची एक जण राहायला आली, तोवर मला माझं पन्हं चांगलं वाटायचं. आईचीच कृती : उकडलेली कैरी, गूळ, वेलदोडा. ही बाई कैरी भाजते आणि गुळाऐवजी खजुराचा पाक घालते. आल्या आल्या तिनं बाटलीभर पाठवलं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं एका दमात ग्लास संपवला आणि म्हणाली, "मम्मा, युअर्स इज सो साउअर." माझं आंबट! मला ते इतकं झोंबलं, की अजून विसरलेले नाही.

मग चिंच-खजुराचा सॉस आला, आल्याचं सरबत आलं, लसणीची पातळ चटणी आली. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपली रीत. पण मी भरून पाठवणार काय? माझं आंबट पन्हं? तिच्या सहा बाटल्या धुऊन-पुसून माझ्या ओट्यावर तशाच उभ्या राहिल्या. लेक मात्र शाळेच्या बसमधून उतरली की आधी समोरची बेल वाजवायची.

पुढे ती शनिवारी सकाळी सरबतं आणि सॉस शिकवायचा ऑनलाइन क्लास घ्यायला लागली. असिस्टंट कोण, तर माझी लेक.

एका शनिवारी ही शेजारीण घाईघाईनं दारात आली. "ताई, प्लीज जरा येता? सगळ्या जॉइन झाल्यात, पण कोणाचाच आवाज येत नाहीये."

मी गेले. सगळ्या जणी मोठ्या दिसाव्यात म्हणून तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. केबल लावली की आवाज टीव्हीकडे जातो, आणि टीव्ही म्यूटवर होता. दोन सेकंदांचं काम. पण टेबलापाशी माझी लेक त्या बाईचा एप्रन घालून भाजलेल्या कैऱ्या सोलत होती. घरी ती स्वतःचा ग्लासही उचलत नाही.

"साउंड कार्ड गेलंय," मी म्हटलं. "आज काही होणार नाही. खलास."

शेजारणीचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! ती नवऱ्याचा लॅपटॉप आणायला आत गेली आणि मी लेकीवर तोंड सोडलं.

"हिचंच सगळं गोड लागतं ना तुला? मी आजीसारखं करते ते आंबट! खजूर ओतला की कोणाचंही गोड होतं. आता तिलाच आई म्हण."

टीव्हीवरच्या बायका हात हलवत होत्या, कानाकडे बोट दाखवत होत्या. एकीनं ओढणी तोंडाशी धरली होती. ऐकू येत नाही म्हणून सांगताहेत, असं मी समजले. टीव्ही मुका होता, पण लॅपटॉपचा माइक सुरूच होता. हा फरक मी रोज दहा जणांना समजावते.

लेकीनं हात एप्रनला पुसले आणि रिमोट उचलला. "मम्मा, इट्स जस्ट द टीव्ही. यू नो दॅट."

खोलीभर एकदम गलका झाला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा, कॅमेरा बंद ठेवून थेट चिपळूणहून. लेकीनं आजीला लिंक पाठवली होती आणि मला दोघींनीही सांगितलं नव्हतं. दुसरा लॅपटॉप छातीशी धरून ती शेजारीण दारातच थांबली होती.

"अगं, तुझं आंबट होतं, कारण माझंच आंबट होतं," आई म्हणाली. "तुझे बाबा जन्मभर निमूट प्यायले. माझा हा तिसरा क्लास आहे. आता जरा बाजूला हो बघू, मला कैरी दिसत नाहीये."

मी बाजूला झाले. लेक तर शेजारणीची झालीच होती, आता आईही.