माऊसला हात लावायचा न्हाई

"हात काढ! मनगट मोडीन!" आणि सप्पकन लोखंडी पट्टी बोटांवर. लातूरच्या आमच्या ऑफिसात नव्या माणसाचं स्वागत असं व्हायचं. मारणारा गडी उमरीचा, माझ्याच शेजारच्या खुर्चीवरचा. तुम्हीही पाहिला असेल असा एखादा.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. लेकराचं वजन टाकलं की औषधाचा डोस सांगणारं. ते तपासायला कोपऱ्यात एक कॉम्प्युटर होता. त्यावर बाण आपोआप फिरायचा, बटणं आपोआप दाबली जायची. बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. पण मधेच कुणाचा धक्का लागला, स्क्रीन लॉक झाली, अपडेटची खिडकी उघडली, की फुकटचं लाल. मग त्या लालवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून हा उमरीवाला रोज सकाळी मशीन कोरं करून पहिल्यापासून लावायचा. अपडेट बंद, लॉक बंद, स्क्रीनचं माप कालचंच.

खंडेनवमीला मी मोठ्या भक्तीनं त्या कीबोर्डवर नारळ ठेवला. एक बटण दबून राहिलं आणि सगळं लाल! त्यानं नारळ भिंतीवर असा हाणला की पाणी साहेबांच्या शर्टावर. "पूजा लांबून कर, येड्या!" खोबरं मात्र अर्धं मलाच दिलं.

त्यानंतर खोटं लाल कधी आलं नाही. आणि सॉफ्टवेअर द्यायच्या दिवशीच लाल आलं.

साहेब भडकले. "कुणीतरी हात लावला असंल. तूच ना रे, नारळवाल्या?" त्यांना काय ऐकायचंय ते दिसत होतं. मी हो म्हणालो. हात लावला नव्हता.

उमरीवाल्यानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी टेबलाखाली गेलो. "खोटं बोलायलाय ह्यो! मी समोरच व्हतो!" साहेब मशीन बंद करायला वाकले, तर पट्टी त्यांच्या बोटांवर. हाड मोडलेलं मी खालून ऐकलं. "हितं लाल हाय म्हंजे तिथं लेकरू मरंल, साहेब!"

ऑफिसातल्या चौघांनी त्याला तुडवत जिन्यावरून खाली ओढला. फुटल्या ओठानं ओरडत होता, "पुन्हा चालवा! हात न लावता चालवा!"

मी चालू केलं आणि हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. पुन्हा लाल. अगदी तान्ह्या लेकरांना डोस दहापट निघत होता. सॉफ्टवेअर द्यायचं थांबलं.

त्याला परत बोलवायला मी उमरीला गेलो. त्याची आई दारातूनच म्हणाली, "त्यो न्हाई हितं. अन् तुमाला भेटायचा बी न्हाई."

पट्टी आता माझ्या टेबलावर असते. मशीन सुरू झालं की अजून कान गरम होतो. ये रे बाबा. दुसऱ्या कानाखाली वाजव, पण ये.