आमच्या दारची आरती

श्रावणात कॉलनीतल्या पोरांनी मोकळ्या प्लॉटवर पांढरा पडदा बांधून आम्हाला एक हिंदीत डब केलेला सिनेमा दाखवला. त्यात एकसारख्या बंगल्यांच्या वस्तीत एक मुका माणूस येतो. त्याच्या अंगातून उजेड पडतो. वीज गेली की सगळे त्याला घरी बोलावतात, जेवायला वाढतात, मुलं त्याच्या शेजारी बसून अभ्यास करतात. मग वीज कायमची येते आणि एकेक दार बंद होतं. गरज सरो, वैद्य मरो. त्यात नवीन ते काय? पण कारापूरची आमची अख्खी कॉलनी मुसमुसून रडली. शेजारीण तर माझा हात घट्ट धरून माझ्याच पदराला नाक पुसत होती.

घरी परतताना तीच म्हणाली, "वयनी, अवंदा चवथ हांगाच करा. आमची आरती तुमगेर येतली. हांव सांगतां न्हू!" यंदाची चतुर्थी इथेच करा, आरती तुमच्या घरी येईल, असा तिचा शब्द.

आम्ही सिंधुदुर्गातले. नवरा खाणीवर ट्रक चालवायला राज्याची हद्द ओलांडून इकडे आला, लेक इथेच जन्मून दहावी झाली. तरी चतुर्थीला घराला कुलूप लावून आम्ही गावी जायचो, कारण आमच्यात सगळ्या भावांचा मिळून एकच गणपती. इथे संध्याकाळी घुमट हे मातीचं वाद्य वाजवत मंडळी घरोघरी आरतीला जातात. ज्या घरी आरती गेली ते घर वाड्याचं, म्हणजे इथल्या माणसांतलं. मला ते हवं होतं. हावरट म्हणा हवं तर.

नवरा तयार नव्हता. मीच त्याच्या मागे भुणभुण लावली. शेवटी त्याने गावी फोन केला, तर थोरले दीर एवढंच म्हणाले, "गणपती वेगळो केलास म्हणजे घर वेगळा झाला." मी म्हटलं, निवळेल राग.

चतुर्थीला नवऱ्याने रानफळं आणून गणपतीवर माटोळी बांधली. मी डबा भरून नेवऱ्या, म्हणजे इथल्या करंज्या, तळल्या. आरतीच्या लोकांना बसायला लेकीने शेजारच्या गल्लीतून सतरंजी मागून आणली. घुमटाचा आवाज एकेक घर करत जवळ आला. शेजारणीकडची आरती तर भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकू आली. आम्ही तिघं दारात उभे राहिलो. मंडळी बाहेर पडली आणि आमच्या फाटकावरून सरळ पुढच्या घरी गेली. शेजारणीच्या हातात टाळ होते आणि नजर स्वतःच्या पायांकडे.

"आई, विसरले असतील. हाक मारू?" लेक म्हणाली.

"नको," नवरा म्हणाला.

थोड्या वेळाने शेजारीण मागच्या दाराने आली. "राग येवंक दिवं नाका, वयनी. म्हातारे म्हणटात, भायल्यांगेर आरती वचपाची रीत ना. हांवें किदें करचें?"

बाहेरच्यांकडे आरती न्यायची रीत नाही म्हणे, मग हिने काय करायचं? तोंड उघडायचं! त्या मुक्याच्या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून ढसाढसा रडलेली हीच बाई. म्हाताऱ्यांचा मला राग नाही, ते माझे कोण लागतात? पण हिने केसाने गळा कापला माझा. मी दार लावून घेतलं.

आम्ही तिघांनीच आरती केली. मध्येच लेकीचा आवाज बसला, मग नवऱ्याने एकट्याने पुरी केली.

ताट खाली ठेवतेय तोच गावाहून थोरल्या जावेचा फोन आला. "आरतीक इले काय गो शेजारी?"

खरं सांगायला जीभ वळेना. म्हटलं, "इले तर! घर पुराक नाय."

ती म्हणाली, "मगे बरा झाला. हे सकाळपासून म्हणतत, गाडी धाडूया, उद्या विसर्जनाक तरी तेंका हाडूया, रागान बोललंय तरी आपलीच माणसा ती. मी म्हटलंय, आधी इचारून बघतंय." मग हळू आवाजात, "आता नको धाडूक मा? तुमका थयसर माणसा गावली."

नवरा माझ्याकडे बघत होता.

"होय," मी म्हटलं.