बंड्याची वाट, जनामावशीचा बांध

बंड्याचे पाय माझ्यामुळे भाजले होते.

इतकी वर्षं हे घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. आज सांगते, कारण त्याला पुन्हा चालायला लावणारी जनामावशी आज गेली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कोपरखैरण्यात आमची बिल्डिंग नवी, रस्ता नवा, आणि झाड औषधालाही नाही. बाबा तुर्भ्याच्या एका कंपनीत फिटर. तिथल्या गेटवरून त्यांनी कुत्र्याचं एक पिल्लू उचलून आणलं. तोच आमचा बंड्या.

सातवीचा रिझल्ट लागला, त्या दिवशी भर दुपारी मी बंड्याला मैत्रिणीकडे न्यायला निघाले. मला शायनिंग मारायची होती.

तो रस्त्यावर नाचायला लागला. एक पाय उचल, दुसरा उचल.

मी पट्टा ओढून म्हणाले, "नाटकं करू नकोस, चल."

माझ्या पायात चप्पल होती.

घरी आल्यावर बघितलं तर चारही पंजे सोलवटले होते. आई थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती आणि मी मोरीत जाऊन रडत होते.

जखमा भरल्या. पण बंड्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसायचा, पुढे पाऊल टाकायचा नाही. सकाळी सहाला रस्ता गार असायचा, तरी नाही. मी पट्टा हातात घेतला की थरथरायचा. ते बघवत नसे.

बाबांनी जुन्या खाकी पँटचे आणि सायकलच्या ट्यूबचे चार बूट शिवले. एक त्याने खाल्ला, बाकीचे तीन घालून तो पुतळ्यासारखा उभा राहिला.

जनामावशी बाजूच्या गावातली. आमच्या जिन्याशी मासळीची टोपली घेऊन बसायची. ती हसली नाही. बाबांना म्हणाली,

"दादा, त्याला बूट नको. वाट पायजे."

मग माझ्याकडे वळली. "चप्पल काड. ऱ्हा उबी रस्त्यावर."

दुपारचे बारा वाजले होते. मी तीन आकडे मोजले आणि पळत सावलीत आले.

"कललं?"

एवढंच बोलली. पुन्हा कधी विषय काढला नाही.

बिल्डिंगच्या मागे, नाल्याच्या कडेने गवताची एक लांबलचक पट्टी होती. आम्हाला वाटायचं, पडीक जागा.

"माज्या शेताचा बांध हाय तो," मावशी म्हणाली. "शेत गेला. बांध ऱ्हायला."

तिने बंड्याला उचलून तिथे ठेवलं आणि अनवाणी पुढे चालायला लागली. वळून बघितलंही नाही.

बंड्याने गवत हुंगलं. एक पाऊल टाकलं. दहा पावलं गेला आणि बसला. दुसऱ्या दिवशी वीस गेला. पंधरा दिवसांनी मावशीने पट्टा माझ्या हातात दिला.

"आदी तुजा पाय ठेव. मंग त्याचा."

तो थरथरला नाही. त्या दिवशी मला माफी मिळाली असं मी आजही मानते.

पुढे अकरा वर्षं बंड्या त्याच वाटेने फिरला. मीही चप्पल हातात घेऊनच.

आज दुपारी दोन वाजता मावशीला उचललं. मे महिना. तिचा मुलगा दत्तादादा साठीचा, डायबेटिसवाला. मडकं धरून सगळ्यांच्या पुढे, अनवाणी. माणसं सवयीने रोडकडे वळली.

बायकांनी मधे बोलायचं नसतं, माहीत आहे. तरी बोलले.

"दादा, रस्त्याने नको. बांधाने चला."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. आणि वळला.

बांधावर आता मोठी झाडं आहेत. सोसायटीवाले त्याला जॉगिंग ट्रॅक म्हणतात.

मी चप्पल काढली आणि मागून चालत राहिले. माती गार होती.

मावशी, तुझ्या लेकाचे पाय भाजले नाहीत गं.

सावकाश जा. बंड्याकडून आणि माझ्याकडून तुला शेवटचा नमस्कार.