धक्क्यावरची म्हैस

बिल्डरने मला फसवलं. बेगम बाजारात वीस वर्षं भांडी विकून चपलेवरून गिऱ्हाईक ओळखणाऱ्या मला फसवलं.

तेव्हा देशाची दारं नुकतीच उघडली होती. बाजारात परदेशी टीव्ही आले आणि हैदराबादच्या वेशीवर, तळ्याकाठच्या पेरूच्या बागा तोडून, आमची कॉलनी आली. रंगीत पत्रकात तळं, दगडी धक्का आणि त्याला बांधलेली पांढरी नाव. दुकानामागच्या दोन खोल्यांत संसार केलेल्या बायकोला मी शब्द दिला, "आता चहा प्यायचा तो पाणी बघत."

आम्ही इथली मराठी माणसं घर घेणार ते दसऱ्यालाच. घसा बसेपर्यंत घासाघीस करून मी आठ मराठी घरांचा सौदा एकाच मुहूर्तावर जमवला. त्या दिवशी पाणी धक्क्याच्या पायऱ्या चाटत होतं. बायकोने नावेला हळदकुंकू वाहिलं.

होळीला नाव चिखलात बसली. पाडव्याला धक्क्याच्या कडीला म्हैस बांधलेली! पाडवा म्हणजे तेलुगू लोकांची उगादी. त्या मुहूर्तावर सिकंदराबादचे एक रेल्वेबाबू शेजारचा फ्लॅट बघायला आले. चिखल बघून त्यांनी नाक दाबलं, भाव पाडला आणि घर घेतलं. वर मलाच म्हणाले, "शेठ, तळं उन्हाळ्यात बघायचं. दसऱ्याला काय, खड्डा पण भरलेला असतो."

"दसऱ्याचा हट्ट कोणाचा होता हो?" बायकोने विचारलं. मी पेपर उघडला.

म्हटलं, पावसाळ्यात पाणी येईल. त्याआधी मातीचे ट्रक आले. चिखलावर भराव पडला, त्यावर घरं उठली. पत्रक आलं, 'तळ्याकाठी, भाग दुसरा'. नाव तीच, पांढरी.

मी ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. बिल्डर हसून म्हणाला, "पानी हमारा थोड़ाच है साब? ऊपर वाले का है."

"और ये घरां भी ऊपर वालाच बांधरा क्या?"

त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी प्यालो नाही.

आता गॅलरीतून लोकांचे वाळत घातलेले लेंगे दिसतात. बायको तिथेच चहा घेते, पण तोंड माझ्याकडे करून.

मुहूर्त माझा होता, कबूल. पण भराव माझा नव्हता. बिल्डरसाहेब, एकदा चार वाजता घरी या, तिच्यासमोरच्या खुर्चीत बसा आणि तिला सांगा, पाणी कुठे आहे?