फाटकाच्या आत

"बिगडंल तं बिगडंल. आपलंच हाय." एवढं म्हणून भाभी पदर कमरेला खोचायच्या आणि गाडीचं बॉनेट उघडायच्या.

जालन्यात आमच्या शेजारचंच घर त्यांचं. राजस्थानातून पिढ्यांमागे आलेलं व्यापारी कुटुंब. गल्लीतले लहानथोर सगळे त्यांना भाभीच म्हणत. त्यांचं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं. बायकांची नावं अशीच हरवतात, आणि कुणी शोधायलाही जात नाही.

भाभींचे यजमान, शेठ, गेले. त्यांच्या घरात रीत अशी, की नवरा गेल्यावर बाईनं काही महिने बाहेर पाऊल टाकायचं नाही. कोना पाळायचा. मुदत संपली की माहेरून भाऊ येतो आणि तिला बाहेर नेतो. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं पुढचंही परस्पर ठरवलं होतं. मामा शहागडहून येतील, मम्मीला नेतील, तिथून ती पुण्याला येईल. मग घराला कुलूप आणि गाडी भंगारात.

गाडी म्हणजे शेठची जुनी पांढरी. पोर्चमध्ये बंद पडलेली. भाभींकडे लायसन होतं, पण चावी कायम शेठच्या खिशात. मेकॅनिक आला तो बॉनेटही न उघडता म्हणाला, "शेठच न्हाईत, मंग कशाला खर्चा?"

त्याच दुपारी भाभींनी आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात घेतला.

मी चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढलेली मुलगी. 'कमळ' लिहायच्या आधी 'धिक्कार' लिहायला शिकले. कोन्याचं ऐकून माझं डोकं तापलं. बाईनं भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि बाकीच्यांनी तिच्या घराला कुलूप घालायचं? मी एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि छापून घेऊन गेले. भाभी कंबरेपर्यंत इंजिनात वाकलेल्या होत्या.

"वाच की. कान मोकळेच हायेत."

मी सगळं वाचलं. आतून आवाज आला, "बराबर लिव्हलंस. बिलकुल बराबर. अजून हायेत का गं कागद? तेल लई मस्त शोषतात."

तेव्हापासून माझी क्रांती गाडीखाली अंथरलेली असायची.

एकदा नणंद आल्या आणि दारातच थबकल्या. "भाभी! उंबरा ओलांडला तुम्ही?"

"फाटक ओलांडलं का, बाईसा? गाडी फाटकाच्या आतच हाय."

नणंदेनं वळून फाटकाकडे पाहिलं. मी रीत तोडायला निघाले होते आणि या बाई रीतीच्या आतच जागा करून बसल्या होत्या.

गाडीचं काम भाभी शिकायच्या मोबाईलवरचे व्हिडिओ बघून. बॅटरीवर पांढरा थर चढला होता, तो त्यांनी गरम पाण्यात खायचा सोडा घालून काढला. "ढोकळ्याला घालतो, त्याच्यापेक्षा जरा जास्त," असं त्यांचं माप. बोल्ट मसाल्याच्या डब्यात ठेवलेले, म्हणून गाडीतले निम्मे बोल्ट पिवळे.

मग ती चूक झाली. प्लग साफ करायचे म्हणून त्यांनी सगळ्या वायरी एकदमच उपटल्या आणि दिसतील तशा परत खोचल्या. गाडी हादरली, खोकली, धूर सोडून बंद पडली. कुठली वायर कुठं, ते उलगडायला कित्येक दुपारी गेल्या. एका दुपारी इंजिन नीट बोललं. भाभी हात पुसत घरात गेल्या आणि टिकल्यांची पाकिटं घेऊन आल्या.

"ह्या आता कुनाच्या कामाच्या?"

वायरीला लाल, तिच्या जागेला लाल. दुसरीला हिरवी, तिच्या जागेला हिरवी. मी भांडायलाच लागले. "भाभी, कपाळाला लावा ना! कोण अडवतंय?"

शेवटची मरून टिकली त्यांनी अंगठ्यानं दाबून बसवली. "लावंन गं. जल्दी काय हाय? आता चुकनार तं न्हाई."

कोन्याची मुदत संपली. भाऊ आले ते भाड्याची जीप घेऊन. भाभी पोर्चमध्ये आल्या आणि थेट स्टिअरिंगमागे बसल्या.

"बसा, भाईसा."

"तू चालवणार? लोक काय म्हणतील?"

"भावानं न्यायचं अशी रीत हाय ना? मंग बसा शेजारी. तुमीच नेऊन राह्यले मला."

चावी फिरली. गाडी एकदा खोकली. भाभींचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते तुम्हीही ओळखाल. मग गाडी फाटकाबाहेर पडली. भाईसा दोन्ही हातांनी खिडकीवरची मूठ धरून बसलेले, आणि रिकामी जीप मागून.

भाभी चार दिवसांनी परतल्या. स्वतःच गाडी चालवत, आपल्याच घरी. पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

कपाळ मात्र कोरंच. मी विचारत नाही. पण परवा राजूरच्या गणपतीहून आल्या, तेव्हा पिशव्या उतरवताना मला गाडीतला आरसा दिसला. त्याच्या कडेला एक मरून टिकली होती. नवी नव्हे. कपाळावरून काढून ठेवलेली, गोंदाला थोडी पावडर लागलेली.

यावर मी पत्रक लिहिलं नाही.

आज सकाळी साखर मागायला गेले, तर फाटक सताड उघडं. पोर्च रिकामा. फरशीवर माझं पत्रक, अक्षरं तेलात पार बुडालेली.